न्यूगेटच्या बंदिखान्यातील फ्रायबाई

अपराध करणाऱ्या माणसाचे काय करावे, हा प्रश्न जितका राजदरबाराचा आहे, तितकाच तो गावच्या पाराचा, घरच्या उंबरठ्याचा आणि मंडळीच्या सभेचाही आहे. पुष्कळांचे उत्तर ठरलेले असते. अपराध्याला चारचौघांत उभे करावे, त्याची फजिती करावी, म्हणजे तो पुन्हा तसे करणार नाही व पाहणारेही धडा घेतील, असे ते म्हणतात. आपल्या भाषेत यासाठी शब्दच आहे, तो म्हणजे धिंड. दुसरे उत्तर असे की, अपराध्याला आपला अपराध समजू द्यावा, झालेली हानी होईल तितकी त्याच्याच हातून भरून काढावी, आणि माणसांत परत येण्याची वाट त्याच्यासाठी उघडी ठेवावी. यांपैकी कोणते उत्तर खरे, हे वाद घालून सहसा ठरत नाही. ते ठरते अनुभवाने. म्हणून आम्ही आज वाचकांपुढे अशा एका बाईचे चरित्र ठेवतो, की जिने हा अनुभव स्वतः घेतला व आपल्या देशाच्या सरकारालाही घ्यावयास लावला.

एलिझाबेथ फ्राय यांचा जन्म इ. स. १७८० साली मे महिन्याच्या २१ तारखेस इंग्लंडातील नॉर्विच शहरी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव गर्नी. बापाचा लोकरीचा व्यापार असून घराण्याची पेढी होती, त्यामुळे घरी कशाची वाण नव्हती. आई मात्र त्या बारा वर्षांच्या असता वारली. हे कुटुंब क्वेकर पंथाचे होते. या पंथाचे लोक साधा पोशाख करीत, शपथ घेत नसत, लढाईत भाग घेत नसत, आणि उपासनेत देवाच्या आत्म्याची प्रेरणा झाल्यास स्त्रीनेही उठून बोलावे असे मानीत. या पंथाच्या आरंभीच्या पिढ्यांनी आपल्या मतांसाठी तुरुंगवास पुष्कळ भोगला होता. बंदिखाना म्हणजे काय, हे त्यांना ऐकून नव्हे तर राहून माहीत होते.

तरुणपणी मात्र एलिझाबेथला साधेपणाची आवड नव्हती. १७९८ साली अमेरिकेहून आलेल्या विल्यम सॅव्हरी नावाच्या उपदेशकाचे भाषण ऐकण्यास ती गेली, तेव्हा तिच्या पायांत जांभळे बूट असून त्यांना तांबड्या नाड्या होत्या, असे सांगतात. त्या भाषणाने तिच्या मनाचा पालट झाला. पुढे तिने घरीच गरिबांच्या मुलांची शाळा चालविली व पोशाखही साधा केला. १८०० साली जोसेफ फ्राय नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्याशी तिचे लग्न झाले. या जोडप्याला एकंदर अकरा मुले झाली. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या कार्यासाठी फ्रायबाईंचे नाव राहिले, ते त्यांनी घर सोडून केले नाही, तर भरल्या घरातून केले.

१८१३ साली स्टीफन ग्रेले नावाचा एक क्वेकर उपदेशक लंडनचे तुरुंग पाहून त्यांच्याकडे आला. न्यूगेट येथील तुरुंगाच्या स्त्रियांच्या भागात त्याने जे पाहिले ते त्याच्याने सांगवेना. उघड्या जमिनीवर बाया निजल्या होत्या, आणि थंडीत जन्मलेल्या अर्भकांना अंगभर वस्त्र नव्हते. फ्रायबाईंनी ताबडतोब ओळखीच्या बायांना जमवून फलाणीचे कपडे शिवविले व एका सोबतिणीसह त्या स्वतः ते घेऊन गेल्या. आत सुमारे ३०० बाया व त्यांची मुले थोड्याशा जागेत कोंडलेली होती. जिची चौकशी अजून व्हावयाची होती ती, आणि जिला फाशी ठरली होती ती, दोघी एकाच ठिकाणी राहात. तेथेच स्वयंपाक, तेथेच निजणे, तेथेच दारू, पत्ते व मारामाऱ्या चालत. तुरुंगाचा मुख्य अधिकारी स्वतः आत जावयास कचरत असे. घड्याळ बाहेर ठेवून जा, असा सल्ला फ्रायबाईंना देण्यात आला, पण तो त्यांनी मानला नाही.

यानंतर काही वर्षे बाळंतपणे, आजार आणि एका लहानग्या मुलीचा मृत्यू यांमुळे त्यांना तिकडे जाता आले नाही. १८१६ सालच्या नाताळच्या सुमारास त्या पुन्हा गेल्या व आपणास या बायांजवळ एकटे सोडावे असे त्यांनी सांगितले. त्या वेळी त्यांनी द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला वाचला, ज्यात दिवस मावळण्याच्या सुमारास आलेल्यालाही पुरी मजुरी मिळते. तो ऐकून काही बायांनी ख्रिस्त कोण असे विचारले, तर काहींना आपली वेळ निघून गेली अशी भीती वाटली. मग फ्रायबाई त्यांच्याशी त्यांच्या मुलांविषयी बोलल्या. ही मुले येथेच वाढली तर त्यांचे काय होईल, असा प्रश्न त्यांनी घातला. आयांनी शाळा मागितली. शिक्षिका कोण व्हावी हे फ्रायबाईंनी ठरविले नाही, ते कैदी बायांवर सोडले. त्यांनी मेरी कॉनर नावाच्या तरुण बाईला निवडले. ती घड्याळ चोरल्याच्या आरोपावरून नुकतीच आत आली होती. चोर म्हणून आलेली बाई शिक्षिका झाली, आणि तिने ते काम नीट केले.

१८१७ च्या एप्रिलात फ्रायबाईंनी आणखी काही बायांना घेऊन न्यूगेटमधील स्त्री कैद्यांच्या सुधारणेसाठी एक मंडळ स्थापिले. या बाया आळशी व उद्दाम असून कोणताही नियम पाळणार नाहीत, असे अधिकाऱ्यांचे मत होते. फ्रायबाईंनी बारा नियम तयार केले. भीक मागणे, शिवीगाळ, जुगार व भांडण यांची त्यांत मनाई होती. हे नियम वरून लादले गेले नाहीत. साऱ्या बायांना एकत्र बसवून एकेक नियम वाचण्यात आला, आणि मान्य असेल त्यांनी हात वर करावा असे सांगण्यात आले. प्रत्येक नियमाला हात वर झाले. बारा किंवा त्याहून कमी बायांचा एकेक गट करून प्रत्येक गटावर त्यांच्यातलीच एक प्रमुख नेमली गेली. शिवणकाम व विणकाम सुरू झाले, आणि कामाचे पैसे मिळू लागले. पहिल्या दहा महिन्यांत त्या बायांनी सुमारे २०,००० कपडे तयार केले. थोड्याच काळात लंडनच्या नगरपालिकेने ही व्यवस्था आपली म्हणून पत्करली.

यातील एक प्रसंग आम्हांस विशेष बोधपर वाटतो. नियम होऊनही काही बाया चोरून पत्ते खेळतात, असे फ्रायबाईंच्या कानी आले. झडती घेणे सोपे होते. ज्यांच्यापाशी पत्ते सापडतील त्यांना सर्वांपुढे उभे करणेही सोपे होते. त्यांनी यांतले काहीच केले नाही. त्यांनी सर्वांना एवढेच सांगितले की, हे ऐकून आपणास दुःख झाले आहे, आणि ज्यांच्यापाशी पत्ते असतील त्यांनी ते आपणहोऊन आणून दिल्यास आपणास आनंद होईल. मग त्या वेगळ्या खोलीत जाऊन बसल्या. हळूहळू दार वाजले. एकामागून एक पाच बाया आल्या व त्यांनी पाच जोड स्वाधीन केले. फ्रायबाईंनी त्यांस सांगितले की, हे पत्ते तुमच्या देखत जाळू, आणि तुमच्या या वागण्याबद्दल तुम्हांला लहानशी भेट देऊ. पुढे प्रत्येकीला एकेक मलमली रुमाल मिळाला. त्यांतली एक मुलगी रुमाल पाहून हिरमुसली. आपणास फ्रायबाईंच्या हातचे नाव घातलेले पवित्र शास्त्र मिळेल, अशी आशा तिने धरली होती. ते तिला देण्यात आले. त्या पाचही जणींना लाज वाटली नसेल काय? खचित वाटली असेल. परंतु ती लाज एका प्रेमळ माणसापुढची होती, गर्दीपुढची नव्हती. म्हणून ती त्यांना दाराशी घेऊन आली. झडती घेऊन पत्ते सापडले असते, पण त्या बाया सापडल्या नसत्या.

आता धिंडीची गोष्ट सांगतो. त्या काळी इंग्लंडातून हजारो कैद्यांना समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियात पाठवीत. ही शिक्षा आपल्याकडच्या काळ्या पाण्यासारखीच होती. न्यूगेटहून बाया जहाजावर नेण्याचा दिवस आला की, त्यांना बेड्या घालून उघड्या गाड्यांत बसवीत व शहराच्या रस्त्यांतून नेत. दोन्ही बाजूंस गर्दी लोटे. लोक थट्टा करीत, शिव्या देत, घाण फेकीत. त्यामुळे बायांना पश्चात्ताप होत असे काय? मुळीच नाही. आदल्या रात्री त्या दारू पिऊन दंगा करीत, खिडक्या व सामान फोडीत, आणि गाडीत बसल्यावर गर्दीच्या शिव्यांना दुप्पट शिव्यांनी उत्तर देत. ज्याची अब्रू लोकांनी रस्त्यावर टाकली, त्याला ती सांभाळण्याचे कारणच उरत नाही.

१८१८ साली अशीच एक टोळी मारिया नावाच्या जहाजावर जावयाची होती. फ्रायबाईंनी तुरुंगाधिकाऱ्याला विनंती केली की, या बायांना उघड्या गाड्यांतून न नेता बंद भाडोत्री घोडागाड्यांतून न्यावे. तसे झाल्यास दंगा होणार नाही, असे वचन त्यांनी दिले, आणि आपण स्वतः बरोबर येऊ असेही सांगितले. अधिकाऱ्याने मान्य केले. त्या रात्री न्यूगेटमध्ये काही फुटले नाही. दुसऱ्या दिवशी बंद गाड्या शांतपणे बंदरावर गेल्या व त्यांच्यामागून फ्रायबाईंची गाडी गेली. जहाजावर १२८ बाया होत्या. त्यांचेही गट केले, मुलांसाठी शाळेची सोय केली, आणि काम म्हणून प्रत्येकीला सुया, दोरा व कापडाचे तुकडे दिले. हे तुकडे जोडून त्यांनी वाटेत गोधड्या शिवाव्या, म्हणजे परक्या किनाऱ्यावर उतरताना विकावयास काही तरी हाती असेल, असा हेतू होता.

पुढे पंचवीस वर्षे हे काम चालले. शंभरांवर जहाजे व सुमारे १२,००० बाया यांच्यापर्यंत त्यांचे मंडळ पोहोचले. १८४१ साली राजा नावाच्या जहाजावरील बायांनी शिवलेली एक मोठी गोधडी आजही ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात जपून ठेवली आहे. तिच्यात २,८१५ तुकडे आहेत, आणि मंडळाच्या बायांचे आभार तिच्यावर सुईने लिहिले आहेत. आमच्या भगिनींना गोधडीचे मोल सांगावयास नको. जुनेर टाकून न देता त्याचे तुकडे जोडून ऊब करणे, हे त्यांच्या रोजच्या हातचे काम आहे. फ्रायबाईंनी माणसांच्या बाबतीत तेच केले.

१८१८ सालीच पार्लमेंटच्या चौकशी समितीपुढे त्यांची साक्ष झाली. अशा कामी तेथे बोलावलेली ही पहिली स्त्री होय. परंतु यशाबरोबर अपयशही आले. त्या काळी इंग्लंडात दोनशेंहून अधिक अपराधांना फाशीची शिक्षा होती, आणि फाशी देत ती भर रस्त्यात, हजारोंच्या गर्दीसमोर. हॅरिएट स्केल्टन नावाची एक मोलकरीण खोट्या नोटा चालविताना सापडली. तिच्यासाठी फ्रायबाई मंत्र्यांपर्यंत गेल्या. मंत्र्याने रागावून त्यांना परत लाविले, आणि १८१८ च्या एप्रिलात स्केल्टन फाशी गेली. या कठोरपणाने खोट्या नोटा थांबल्या नाहीत. उलट पंच अपराध्याला दोषी ठरवावयास कचरू लागले. अखेर १८३० साली ज्यांचे नुकसान होत होते त्या पेढीवाल्यांनीच सरकारकडे अर्ज केला की, या अपराधाची फाशी काढून टाकावी. १८३७ पर्यंत ती पूर्ण गेली. मान व हात लाकडात अडकवून अपराध्याला बाजारात उभे करण्याची शिक्षाही त्याच वर्षी बंद झाली. स्त्रियांना फटके मारणे १८२० मध्येच थांबले होते, आणि भर रस्त्यातील फाशी १८६८ मध्ये थांबली. हे सर्व एकट्या फ्रायबाईंनी केले असे आम्ही म्हणत नाही. परंतु लोकांचे मन वळविण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

त्यांच्या कार्यात उणिवाही होत्या, त्या झाकणे योग्य नव्हे. न्यूगेटमधील त्यांचे शास्त्रवाचन इतके प्रसिद्ध झाले की, शुक्रवारी मोठमोठे लोक ते पाहावयास येऊ लागले. कैदी बाया एका वेगळ्या रीतीने पुन्हा तमाशाची वस्तू झाल्या. १८२७ साली त्यांनी स्त्रियांच्या तुरुंगांविषयी एक पुस्तक लिहिले. त्यात कैदी बायांचे केस आखूड कापावे, त्याने त्यांस नम्रता येईल, अशी सूचना आहे. ज्या बाईने उघड्या गाड्या बंद केल्या, तिलाही लाजेचे हत्यार सर्वस्वी टाकून देता आले नाही. यावरून हा मोह किती खोल आहे ते दिसते. नम्रता आतून यावयाची असते. कात्रीने ती येत नाही.

पुढे त्यांच्या स्वतःच्या घरावरच लाजेचा प्रसंग आला. १८२८ साली जोसेफ फ्राय यांच्या पेढीचे दिवाळे निघाले. ठेवीदारांचे पैसे बुडाले. बायकोने पेढीचा पैसा धर्मादायात उडविला, अशी कुजबुज झाली. क्वेकर मंडळीने जोसेफ यांना सभासदत्वातून काढून टाकले. मोठे घर सोडून कुटुंबाला लहान घरात जावे लागले. त्यानंतरच्या रविवारी उपासनेला जावे की नाही, असा प्रश्न फ्रायबाईंपुढे पडला. ज्यांच्यापुढे त्या वर्षानुवर्षे बोलल्या, त्यांच्याच नजरा आता झेलावयाच्या होत्या. त्या गेल्या, आणि डोळ्यांत पाणी असताही उठून बोलल्या. भावांनी त्यांना सोडले नाही, आणि गुलामांचा कैवारी विल्यम विल्बरफोर्स याने त्यांस धीर देणारे पत्र लिहिले. पाठीशी चार माणसे उभी राहिली म्हणून त्या पुन्हा उभ्या राहिल्या. न्यूगेटच्या बायांना त्यांनी जे दिले, तेच त्यांना मिळाले.

त्यानंतर त्यांचे काम युरोपभर गेले. जर्मनीतील कैसर्सवर्थ गावचे पाळक थिओडोर फ्लीड्नर हे न्यूगेटचे कार्य पाहून गेले होते. १८३३ साली त्यांनी तुरुंगातून सुटलेल्या बायांसाठी आपल्या बागेतील लहानशा घरात आसरा उघडला, आणि त्यातून पुढे मोठे सेविकाश्रम निघाले. प्रशियाचा राजा १८४२ मध्ये लंडनास आला, तेव्हा तो फ्रायबाईंच्या घरी जेवावयास गेला. १८४५ सालच्या ऑक्टोबराच्या १२ तारखेस रॅम्सगेट येथे त्यांना देवाज्ञा झाली. त्यांचा पुतळा उभारण्याऐवजी त्यांच्या नावाने सुटलेल्या स्त्री कैद्यांसाठी एक आश्रयगृह काढण्यात आले. ते १८४९ मध्ये सुरू झाले. हे स्मारक त्यांस शोभणारे होते, कारण शिक्षा संपल्यावर घराचे दार कोण उघडतो, हीच अपराध्याची खरी कसोटी असते.

एक गोष्ट मात्र फ्रायबाईंच्या काळी साधली नाही. ज्याचे घड्याळ चोरीस गेले, त्याला चोराकडून काय मिळाले? त्याचे दुःख कोणी ऐकले? ही उणीव पुढच्या काळात भरून निघू लागली. १९७४ साली कॅनडातील एल्मायरा गावी दोन तरुणांनी दारूच्या नशेत २२ ठिकाणी नासधूस केली. तेथील मेनोनाइट पंथाच्या एका ख्रिस्ती कार्यकर्त्याच्या सूचनेवरून न्यायाधीशाने त्यांस घरोघर जाऊन नुकसान झालेल्यांना भेटावयास लावले. त्यांनी अपराध कबूल केला व पुढे भरपाई केली. न्यूझीलंडात १९८९ च्या कायद्याने अल्पवयीन अपराध्यांसाठी अशीच रीत घातली. तिच्यात अपराधी, त्याचे कुटुंब व ज्याची हानी झाली तो, हे एकत्र बसून काय भरून द्यावे हे ठरवितात. जक्कयाने चौपट परत देण्याचे कबूल केले, ते याच जातीचे होते. त्याची धिंड निघाली नव्हती. प्रभू त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला होता.

वाचकहो, आपल्या गावांतूनही वाळीत टाकण्याची जुनी चाल आहे. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो तिच्या दुःखावरूनच. आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांनी, ख्रिस्ती झाल्यावर, विहीर व चूल बंद झाल्याचे सोसले आहे. त्या आपण आपल्या मंडळीत कोणी पडल्यास काय करावे? अपराध लहान म्हणू नये. ज्याची हानी झाली त्याला गप्प बसवू नये. जेथे कोणाच्या जिवास किंवा अब्रूस धोका आहे, तेथे सरकारची मदत घेण्यास कचरू नये. परंतु भर सभेत नाव घेण्यापूर्वी, मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे, आपण त्याच्याकडे एकट्याने गेलो काय, हे स्वतःस विचारावे. त्याच्या हातून भरपाई होईल अशी वाट त्याला दाखवावी. त्याला करावयास काही काम द्यावे. आणि तो दाराशी आला तर दार उघडण्यास कोणी तरी आत बसलेले असावे. फ्रायबाई त्या वेगळ्या खोलीत पत्त्यांची वाट पाहात बसल्या होत्या, तसे.